कॅमेऱ्याचं नाव फ्लेक्सवर, कॅमेरामनचं कुठंय?

एसटी स्टँडसमोर परवा नवीन फ्लेक्स लागलाय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर तीन नेत्यांचे फोटो, मधे हिरो, मागं ट्रॅक्टर, आणि हिरोच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात : "आपल्या तालुक्यातील पहिला चित्रपट, संपूर्ण चित्रीकरण ८के कॅमेऱ्यावर!"

मी तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. निर्मात्याचं नाव आहे. सहनिर्मात्यांची सात नावं आहेत. विशेष आभारात दोन नगरसेवक आणि एक सराफ आहेत. छायाचित्रण कुणाचं, ते कुठंच नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचा लोगो मात्र कोपऱ्यात आहे. लग्नपत्रिकेत घोडीचं नाव छापायचं आणि नवरीचं राहून जायचं, तसला हा प्रकार.

आधीच सांगतो, मी पिक्चरच्या विरोधात नाही. आपल्या भागातली पोरं कुणाच्या ओळखीशिवाय, स्वतःच्या खिशातून पिक्चर काढतात याचं मला कौतुकच आहे. निर्माते माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. ही पोस्ट वाचून त्यांचा फोन येणार, तेही माहितीये. येऊ द्या.

आणि यात मीही धुतल्या तांदळाचा नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पिक्चरची प्रेस नोट आली होती. मी ती जशीच्या तशी लावली. हेडिंग दिलं, "हॉलिवूडच्या कॅमेऱ्यावर आपल्या मातीतली कथा". कॅमेरा कोण चालवतंय हे विचारायचं मला सुचलं नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्याच आठवड्यात शिकवतात, कोण, काय, कुठं, केव्हा. त्यातला "कोण"च मी गाळला.

नंतर त्या पिक्चरचा हिशोब हातात आला. कुणी दिला ते विचारू नका. एकूण खर्च २२ लाख. शूटिंग १८ दिवस. कॅमेरा, लेन्सा आणि त्यासोबत पुण्याहून आलेला अटेंडंट मिळून दिवसाला १४ हजार, म्हणजे २ लाख ५२ हजार. मुहूर्ताला मंगल कार्यालय, मंडप, जेवणावळ आणि मुंबईहून तासभर आलेली एक मालिकेतली अभिनेत्री, असे दीड लाखाच्या वर. लाइटची चार पोरं, दिवसाला ५०० प्रमाणे १८ दिवसांचे ३६ हजार. आणि ज्यानं अख्खा पिक्चर डोळ्यानं बघून टिपला, त्या कॅमेरामनला ४० हजार कबूल केलेले. त्यातले मिळाले १५. उरलेले "रिलीज झाल्यावर".

बेरीज करा. यंत्राला अडीच लाख, ते चालवणाऱ्या आणि उजेड धरणाऱ्या पाच माणसांना मिळून ५१ हजार. पाचपटीचा फरक. आणि यंत्राचे पैसे रोज सकाळी रोख द्यावे लागत होते, नाहीतर अटेंडंट पेटी उघडत नव्हता. माणसाचे राहिले तर राहिले.

कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, चांगला कॅमेरा नको का मग? हवा ना. पण कशासाठी हवा ते बघा. ८के म्हणजे आडवे आठ हजारांच्या आसपास ठिपके. बहुतेक थिएटरांत आजही पिक्चर दाखवला जातो तो टू-केमधे, म्हणजे आडवे २०४८. चार बाय चार, सोळापट माल भरायचा आणि पोत्यात जागा एकपट. वर ते फुटेज साठवायला हार्ड डिस्का लागतात, एक नाही, दोन-दोन प्रती ठेवाव्या लागतात. एडिटिंगला तेवढ्या ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. रंग बसवायला स्टुडिओ लागतो. हे पैसे कुणी धरलेलेच नसतात. मग आठ-आठ महिने फुटेज डिस्कमधे पडून. आपल्याकडं अर्धवट राहिलेल्या पिक्चरांची गोष्ट विचारा, बरेच जण शूटिंगमधे नाही, शूटिंगनंतर बुडालेत.

पण माझं खरं भांडण ठिपक्यांशी नाही. भाड्याच्या कॅमेऱ्याशी आहे. कारण भाड्याचा कॅमेरा तुम्हाला थांबू देत नाही.

त्याच पिक्चरमधला एक सीन सांगतो. मी त्या दिवशी तिथं होतो. आई पोराला शहरात पाठवते, बांधावर बाभळीखाली उभी आहे. पिक्चरचा जीव त्या सीनमधे. शूटिंग लावलं दुपारी एकला. एप्रिल महिना. ऊन बरोब्बर डोक्यावर. आता फोटो काढणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, एकच्या उन्हात माणसाचा चेहरा कसा येतो. कपाळ आणि नाक पांढरंफटक, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या. ज्या बाईनं डोळ्यातनं सगळं सांगायचं, तिचे डोळेच दिसत नाहीत.

कॅमेरामन सत्तावीस वर्षांचा. गावातलाच, लग्नाची शूटिंग करतो. आपल्या भागातलं ऊन त्याला पाठ आहे. हळदीला अंगणात कुठं उभं केलं की तोंड चांगलं दिसतं, हे तो दहा वर्षं करत आलाय. तो म्हणाला, "सर, हे साडेपाचला घेऊ. ऊन तिरपं होईल, पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवरनं उजेड येईल, काहीच लावायला लागणार नाही. नाहीतर वरनं मांजरपाट ताणू, दोन बांबू द्या."

दिग्दर्शक म्हणाला, "रात्री कॅमेरा पुण्याला परत जायचाय. उद्याचं भाडं तुझा बाप भरणार का?"

घेतला एकला. थिएटरात मी तो सीन बघितला. आईचे डोळे म्हणजे दोन काळे डाग. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "हिला काय झालंय, गॉगल घातल्यासारखं दिसतंय." हॉलिवूडच्या कॅमेऱ्यानं तो अंधार एकदम स्पष्ट टिपला होता, यात वादच नाही.

मांजरपाट किती लागलं असतं? दहा-बारा मीटर.

आता आसामातली गोष्ट ऐका. रीमा दास नावाच्या बाई आहेत, छायगावच्या. त्यांनी "व्हिलेज रॉकस्टार्स" हा पिक्चर स्वतः लिहिला, स्वतः दिग्दर्शित केला, कॅमेरा स्वतः चालवला, एडिटिंगही स्वतः केलं. कॅमेरा कुठला? कॅननचा फाइव्ह डी. आपल्या गावातल्या बऱ्या फोटो स्टुडिओत असतो त्याच जातीचा. मोठे लाइट नाहीत, मोठं युनिट नाही, गावातलीच पोरं अभिनयाला. २०१८ मधे त्या पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी भारताकडून ऑस्करला तोच गेला.

हे उदाहरण आपल्याकडं सगळे देतात, पण अर्धंच देतात. "बघा, साध्या कॅमेऱ्यावर झालं." साध्या कॅमेऱ्यावर झालं म्हणून नाही झालं. त्या बाईंनी त्यावर तीन-चार वर्षं घालवली. पूर आला तर पुराचं चित्रीकरण केलं, पाऊस हवा होता तर पावसाची वाट बघितली. संध्याकाळचा तो दहा मिनिटांचा उजेड आज नाही मिळाला तर उद्या परत जाऊन उभं राहिलं. हे परवडलं कारण कॅमेऱ्याचं मीटर रोज सकाळी पडत नव्हतं. त्यांच्याकडं ठिपके कमी होते, वेळ भरपूर होता. आपण नेमकं उलटं करतो. ठिपके भाड्यानं आणतो आणि त्यासाठी वेळ विकतो.

सगळ्यांना तीन वर्षं जमणार नाहीत, मान्य. हिरोची नोकरी असते, पोरांच्या परीक्षा असतात. पण १४ हजारांच्या जागी ३ हजारांचा कॅमेरा आणला असता तर त्याच अडीच लाखांत १८ दिवसांचं भाडं भागून जवळजवळ दोन लाख उरले असते. त्यात आणखी दिवस वाढवता आले असते, पोरांना नीट मजुरी देता आली असती, दुपारी अकरा ते चार सगळ्यांना सावलीत झोपू देता आलं असतं. सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सात, एवढंच शूट करायचं. उन्हाळ्यात शेतकरीसुद्धा असंच काम करतो. यात काही नवीन शोध नाही.

आणि उजेडाचं शहाणपण स्वस्त असतं हेही काही आजचं नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. "राजा हरिश्चंद्र" १९१३ चा. तेव्हा शूटिंग सूर्यावर चालायचं. सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या असं सांगतात. हा आपला पहिला रिफ्लेक्टर. आज आपण थर्मोकोल धरतो, एवढाच फरक. त्या पिक्चरचा कॅमेरा कुठल्या कंपनीचा होता? विल्यमसन. किती जणांना माहीत होतं? पण कॅमेरामन म्हणून त्र्यंबक तेलंगांचं नाव एकशेदहा वर्षांनंतरही प्रत्येक यादीत सापडतं. फाळक्यांनी स्वतः त्यांना कॅमेरा शिकवला. एसटी स्टँडवरच्या फ्लेक्सपेक्षा फाळक्यांच्या काळातली नोंद चांगली, म्हणजे काय म्हणायचं.

सत्यजित राय यांनी "पथेर पांचाली"ला जो कॅमेरामन घेतला, सुब्रत मित्र, त्यानं त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. पोरगा विशीतला. पुढच्याच "अपराजितो"ला काशीच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत उभं केलं, तेव्हा त्यानं वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून खाली मऊ उजेड पाडला. आकाशातनं यावा तसा. १९५६ सालची गोष्ट. आमच्या लग्नशूटिंगवाल्या पोरानं मागितलं ते यापेक्षा काय वेगळं होतं? कापडच मागत होता तो.

आता मालेगाव. आपल्याकडं कुणाचा पिक्चर पडला की लगेच म्हणतात, "मालेगावचा पिक्चर झाला." हे म्हणणाऱ्यांनी मालेगाव बघितलेलं नसतं. नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी २००० च्या सुमारास "मालेगाव के शोले" काढला, पन्नास हजारांच्या आसपास खर्चात. पुढं त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी "सुपरमेन ऑफ मालेगाव" हा माहितीपट केला, तो जरूर बघा. ट्रॉली नाही तर सायकल. क्रेन नाही तर बैलगाडी, एका बाजूनं दाबली की कॅमेरा वर. यंत्रमागावर काम करणारा पोरगा सुपरमॅन. आता तर त्यांच्यावर मोठ्या बॅनरचा हिंदी पिक्चरही आला. तिथं प्रत्येक शॉटच्या आधी चार डोकी एकत्र येऊन विचार करताना दिसतात, की आपल्याला हवंय ते आहे त्यात कसं होईल. आपल्याकडं विचार करायच्या जागी चेक फाडतात. आणि हसतात मालेगावला.

पण मालेगावचं नाव घेऊन दुसराही एक धंदा चालतो. "अरे, मालेगाववाल्यांनी सायकलवर केलं, परदेशात मोबाइलवर पिक्चर होतो, तुला पैसे कशाला पाहिजेत?" हे वाक्य मी किमान चार निर्मात्यांच्या तोंडून ऐकलंय. परदेशातला तो पिक्चर म्हणजे "टँजरीन", २०१५ चा, लॉस एंजेलिसमधला. आयफोन फाइव्ह एसवर शूट झाला हे खरं. पण त्या फोनवर वेगळी लेन्स बसवली होती, एक्स्पोजर हातात ठेवणारं वेगळं ॲप होतं. आणि त्याला कॅमेरामन होता, नाव रेडियम चुंग. श्रेयनामावलीत आहे त्याचं नाव. फोनवर शूट केला म्हणून माणूस फुकटात राबवला नाही.

तर मोठा कॅमेरा आणला तरी पोराला पैसे नाहीत कारण भाडं गेलं, आणि छोटा कॅमेरा आणला तरी पैसे नाहीत कारण "त्यात काय एवढं, मोबाइलवर पण होतं". पोरगं दोन्हीकडनं मेलं.

"मेलं" हा शब्द आलाच आहे तर आता ती गोष्ट लिहितो, जी मी गेल्या वर्षी लिहायला पाहिजे होती.

दुसरा पिक्चर, दुसरं युनिट. गावाबाहेरच्या वस्तीवर रात्रीचं शूटिंग. जनरेटर परवडत नव्हता म्हणून लाइनवर आकडा टाकलेला. वायरला दोन ठिकाणी जोड, त्यावर साधी टेप. अर्थिंग नाही. बोर्ड जमिनीवर ठेवलेला. अकराच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. दिग्दर्शक म्हणाला, "थांबू नका, पावसाचा इफेक्ट फुकटात मिळतोय." एक पोरगं लाइटचा लोखंडी स्टँड सरकवायला गेलं आणि चिकटलं. दुसऱ्यानं प्रसंगावधान राखून लाकडी फळीनं वायर उडवली म्हणून वाचलं. तळहात भाजला, दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. वय एकोणीस.

वीस मिनिटांनी शूटिंग परत सुरू झालं. त्याच आकड्यावर.

मी तिथं होतो. बातमी केली नाही. निर्माता हात जोडून म्हणाला, "दादा, पिक्चर बंद पडंल, वीसजणांचं नुकसान हुईल." पोराच्या वडलांनीही सांगितलं, नका छापू, पुढं काम मिळणार नाही. मी गप्प बसलो. त्या पिक्चरच्या ट्रेलरची बातमी मात्र मी दिली, चार कॉलम. तो पोरगा परवा बाजारात भेटला, "दादा" म्हणून हात वर केला त्यानं. तोच हात. रात्री झोप लागली नाही, म्हणून ही पोस्ट.

कमी पैशातला पिक्चर म्हणजे कमी पैशातला जीव, असं कुठं लिहिलंय? महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. गळती झाली की लगेच ट्रिप होणारं ३० मिलिअँपिअरचं यंत्र, आरसीसीबी म्हणतात त्याला, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीन हजारांत येतं. रबरी हातमोजे त्याहून स्वस्त. पाऊस आला की मेन बंद, हा नियम फुकट आहे. ड्रोनच्या एका दिवसात हे सगळं बसतं. आणि त्या ड्रोनचा शॉट तरी काय असतो, राव? प्रत्येक पिक्चरमधे तेच. गावाचं देऊळ, वरून, गोल-गोल.

जुगाड बैलगाडीची क्रेन करण्यात करावा. वायरीत करू नये.

काही जण म्हणतील, सगळं निर्मात्यावर ढकलू नका, त्यानंही जमीन विकलीये. खरंय. भाऊराव कऱ्हाडे यांनी "ख्वाडा"साठी जमीन विकल्याचं आपण सगळे अभिमानानं सांगतो. पण "ख्वाडा"ला राष्ट्रीय पुरस्कारात जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार होता, हे किती जण सांगतात? रानात, वाऱ्यात, मेंढरांच्या गलक्यात खरा आवाज टिपणाऱ्या माणसाचा तो मान होता. जमीन विकल्याची गोष्ट सांगायला बरी वाटते. तंत्रज्ञाची सांगायला आपल्याला नाव आठवत नाही. जमीन स्वतःची विकावी, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण दुसऱ्याच्या पोराची मजुरी ही काही आपली जमीन नव्हे.

सरकारचं बघा. मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं. समिती पिक्चर बघून दर्जा ठरवते, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख, असं गेली कितीतरी वर्षं चालत आलंय. पैसे पिक्चर पूर्ण झाल्यावर. म्हणून तालुक्या-तालुक्यात गणित मांडलं जातं, की २२ लाख घालू, ब दर्जा मिळाला तरी ३०. आणि दर्जा मिळवायचा तर मोठा कॅमेरा, अशी एक अफवा एजंट लोकांनी पसरवून ठेवलीये. समितीतल्या माणसांना उजेड कळत नाही असं समजता काय? एकच्या उन्हातला काळा डोळा त्यांनाही दिसतो. माझी मागणी साधी आहे. अनुदानाचा पैसा सोडण्याआधी कॅमेरामनपासून लाइटच्या पोरांपर्यंत प्रत्येकाच्या खात्यात ठरलेले पैसे गेले का, ते बँकेच्या नोंदीवरून तपासा. हा जनतेचा पैसा आहे.

आणि लग्नाची शूटिंग करणाऱ्या माझ्या तरुण दोस्तांनो, तुमच्यावरही माझा राग आहे थोडा. वऱ्हाडी पार्टीकडनं तुम्ही निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ट्रायपॉड उघडत नाही. पिक्चर म्हटलं की तुमची अक्कल कुठं जाते? "नाव होईल" म्हणून जाता. नाव कुठं झालंय, फ्लेक्स बघितला ना? साधा एक कागद करा. किती दिवस, किती पैसे, कधी, आणि नाव कुठं येणार. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तेही चालेल. तुमच्यातलाच एक मला म्हणाला, "दादा, कागद मागितला तर दुसऱ्याला घेतील." घेतील. मग त्या दुसऱ्यानंही मागा. तालुक्यात शूटिंगवाले असून असून किती आहात? पंचवीस. क्रिकेटची टीम करता तशी एकदा बसा चहाला.

एसटी स्टँडसमोरच्या पिक्चरचा प्रीमियर पुढच्या शुक्रवारी आहे. मला पास आलाय, तो मी परत करतोय. तिकीट काढून जाणार आहे, घरच्यांना घेऊन. पिक्चर चांगला असेल तर चांगला लिहीन, त्यात कंजुषी नाही करणार. पण श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीतनं उठणार नाही. आणि निर्माते साहेब, प्रेस नोट पाठवाल तेव्हा कॅमेरा किती केचा ते नाही लिहिलं तरी चालेल. छायाचित्रण कुणाचं, लाइट कुणाचे, आणि त्यांचे पैसे दिले का, एवढं लिहा. नसेल लिहिलं तर बातमी लावण्याआधी मी फोन करून विचारणार आहे.